फक्त माती

सांगली, १४ जून २०२४

आकारामभावजी,

आमच्या ख्रिस्ती लोकांत पत्र 'सलाम' लिहून सुरू करतात. तुम्हाला तो लिहायला आज माझा हात होत नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही 'व्हय वयनी', 'न्हाई वयनी' एवढ्यावर मला वाटेला लावता. कागद पुढ्यात असला की माणसाला निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

तुमचे दादा गेले त्या दिवशीचं आपलं बोलणं मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे नंतर कुणी 'असं म्हणालो नव्हतो' म्हणायला नको. मी लेकीच्या, श्रद्धाच्या बाळंतपणाला बेंगळुरूला होते. तिला ऑपरेशनला आत नेलं आणि तुमचा फोन आला, दादा मळ्यात बसल्या जागी गेला म्हणून. तुम्ही विचारलंत, "वयनी, माती हितंच करू का? ऊन लय हाय, ठेवता यायचं न्हाई." मी म्हणाले, "करा. माझ्यासाठी थांबू नका. पण फक्त माती करा, बाकी काही म्हणजे काही करू नका." तुम्ही म्हणालात, "बरं वयनी." यातला एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्या गावात पोचले. तुम्ही मला ओढ्याकाठी नेलंत आणि राख दाखवलीत.

मी तिथे एक शब्द बोलले नाही. आल्या पावली परत गेले. तुम्हाला वाटलं असेल, बाई दुःखात आहे. मी दुःखात होतेच, पण गप्प बसले ती वेगळ्या कारणाने. मी तोंड उघडलं असतं तर तुमच्या सगळ्या भावकीसमोर तुमचे वाभाडे काढले असते, आणि त्यांच्या राखेजवळ मला ते करायचं नव्हतं.

तुम्हाला आमची रीत ठाऊक नव्हती असं सांगू नका. माझी आई गेली तेव्हा तुम्ही सांगलीला आला होता. पेटीला खांदा दिलात, खड्ड्यात मूठभर माती टाकलीत. आईच्या शेजारची जागा आम्ही दोघांसाठी सांगून ठेवली होती, तीही यांनी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही म्हणाला होतात, "झाड बी हाय, सावली हाय, ब्येस हाय."

मला लहानपणापासून शिकवलंय की जे प्रभूमध्ये निजतात ते उठतील, आणि आपली माणसं आपल्याला भेटतील. मी आयुष्यभर दवाखान्यात सिस्टर म्हणून राबले. किती प्रेतांचे डोळे मिटले, सगळ्या वेळी मनात हेच धरून होते. आता माझा माणूस कुठे आहे? तो तुमच्यात परत गेला की माझ्याबरोबर आहे? मला एवढंच कळायला हवंय, आणि ते तुम्हाला माहीत आहे असा मला दाट संशय आहे.

कारण तुमच्या गावच्या कुणीतरी यात्रेचा फोटो टाकला होता. त्यात हे उभे आहेत आणि कपाळावर गुलाल आहे. मला सांगून गेले होते की आकारामच्या मोटरचं बेअरिंग वाजतंय, बघून येतो. भैरोबाच्या यात्रेतच नेमकं बेअरिंग वाजावं?

शेवटी काय म्हणाले ते, हे मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही 'काय न्हाई वयनी' म्हणालात. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला तो माणूस झोपेतसुद्धा बोलायचा. तो काही न बोलता गेला, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

सुमती

सांगली, २ ऑगस्ट २०२४

आकारामभावजी,

पत्र मिळाल्यावर तुम्ही फोन केलात आणि म्हणालात, "वयनी, देवाशपत, तुमचा शब्द मोडला न्हाई." वर शपथही घेतलीत. मी फोन ठेवला. तोंडावर एवढं धडधडीत खोटं बोलणारा माणूस मी वॉर्डातही पाहिला नव्हता. तिथले रोगी निदान बिडी पाठीमागे लपवायचे.

माझा दुसरा संशय मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. तुम्ही दहावा केलात. केस काढलेत, पिंड ठेवलात, कावळ्याची वाट बघत बसलात. मी 'बाकी काही नको' म्हटलं होतं आणि तुम्ही सगळं साग्रसंगीत केलंत. म्हणून तर मागे एकदा फोनवर मी 'दहाव्या दिवशी कुठे होता' असं विचारल्यावर तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प झालात की समजावं, इथे पाणी मुरतंय.

इकडे चर्चच्या महिला मंडळातही मला सुख नाही. एक बाई माझ्या पाठीमागे म्हणाली, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. भावजी, जळालेल्या माणसाबद्दल ही म्हण वापरावी का? ती बाई दर रविवारी माझ्या शेजारी बसून गाते. मी जागा बदलली.

पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, सुमतीबाई, ज्याने मातीतून माणूस केला त्याला राखेतून करणं काय जड आहे? मी म्हणाले, मग आपण एवढा खर्च करून पेटी कशाला करतो? साहेब चहा प्यायले. बराच वेळ प्यायले. चांगले आहेत हो ते, पण त्यांना हे वाक्य पाठ आहे असं मला वाटलं. मी नर्स होते, 'काही होणार नाही' हे मीही पाठ म्हणायचे.

खरं सांगायचं तर माझा संशय एकट्या तुमच्यावर नाही. यांनी लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, तो कुणासाठी? देवासाठी की माझ्यासाठी? तुमच्या वडिलांनी त्यांना उंबरा बंद केला, तरी ते हसत होते. मला तेव्हा वाटलं, केवढा विश्वास आहे या माणसाचा! आता रात्री वाटतं, तो विश्वास नव्हता, ते नुसतं प्रेम होतं. प्रेमात माणूस पाण्यात उतरतो तसा विहिरीतही उतरतो. मग देव त्याला काय म्हणून मोजणार?

आणि देवावरही आहे संशय. त्याने मला बरोबर त्याच वेळी बेंगळुरूला ठेवलं. एका खोलीत नातू दिला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा नेला. हे असं हातचलाखीसारखं का केलं त्याने?

सुमती

सांगली, २७ डिसेंबर २०२४

आकारामभावजी,

गूळ मिळाला. तुम्ही फलटणहून एस. टी.च्या कंडक्टरकडे दिलात, त्याने स्टँडवर बोलावून हातात ठेवला. मला आधी वाटलं, हे तोंड गोड करणं चाललंय. मी ती ढेप दूधवाल्याला देऊन टाकली. मग त्याच्याकडून अर्धी परत मागितली, कारण यांना तुमच्या गुऱ्हाळाचाच गूळ लागायचा आणि मला घरात तो वास हवा होता. दूधवाल्याने मला वेडी ठरवलं असणार.

नाताळ झाला. आमच्यात नाताळाआधी कबरी धुतात, चुना मारतात. मीही बादली आणि कुंचला घेऊन गेले. आईच्या कबरीला चुना लावला आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिले. तिथे गवत होतं. उरलेल्या चुन्याचं काय करावं कळेना, म्हणून आईलाच दुसरा हात मारला. शेजारची बाई म्हणाली, फार चकचकीत झाली हो. मी घरी येऊन खूप रडले.

प्रभुभोजनाला मी आठ महिने उठलेली नाही. भाकर आणि प्याला पुढे येतो तेव्हा मी मागच्या बाकावर चष्मा पुसत बसते. विश्वास नसेल तर घेऊ नये असं शिकवलंय, आणि मला खोटं घ्यायचं नाही. रोज प्रार्थनेला बसते, पण प्रार्थना होत नाही, उलटतपासणी होते. तुमची आणि देवाची, दोघांची. दोघंही सारखेच गप्प.

तुम्ही निदान लिहीत का नाही? दोन ओळी लिहायला काय होतं? दादांनीच तुम्हाला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं ना?

सुमती

सांगली, १७ एप्रिल २०२५

आकारामभावजी,

सोमवारी मी न सांगता तुमच्या दारात का उभी राहिले, ते आधी सांगते. तिथीने यांचं वर्ष भरत होतं. तुम्ही वर्षश्राद्ध घालणार आणि मी तुम्हाला पंगत वाढताना रंगेहाथ पकडणार, असं ठरवून मी पहाटेची गाडी धरली. फलटणहून वडापने आले. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती आणि मी मनात तुम्हाला काय काय बोलायचं याची तयारी करत होते.

तुम्ही मळ्यात होता. तुम्ही यायच्या आधी काय झालं ते तुमच्या मनुबाईने सांगितलं असेल, पण तिने अर्धं गाळून सांगितलं असणार, म्हणून लिहिते.

मनुबाई अंगणात कुरडया घालत होती. श्राद्धाच्या घरात कुणी कुरडया घालत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मी सरळ स्वयंपाकघरात गेले, भांडी उघडून पाहिली. एका भांड्यात पिठलं होतं. ती दारात येऊन म्हणाली, "काय हुडकताय आक्का?"

मी म्हणाले, "वर्षश्राद्ध कुठे आहे?"

"वर्सश्राद?" तिने पिठाचे हात पदराला पुसले. "आवं आक्का, दहावाच न्हाई केला, तर वर्सश्राद कुठलं? तुमीच म्हनला न्हवं फोनवर, फकस्त माती करा, बाकी काय करू नगा? ह्यांनी तुमचा शबुद पाळला. नाथाजीमामा दारात यिऊन थुकलं. म्हनलं, थोरल्या भावाला पिंड न्हाई, पानी न्हाई, कुत्र्यागत घालवलास. वरीस झालं, भावकीत आमास्नी कुनी जेवाय बोलवत न्हाई. ह्यांनी कुनालाच सांगितलं न्हाई तुमी म्हनला हुता म्हनून. म्हनलं, वयनीवर बोल नगं."

मी म्हणाले, "एवढा शब्द पाळायचा होता तर मग जाळलंत का?"

"जाळलं म्हंजी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "माती करा म्हनला न्हवं तुमी?"

"माती म्हणजे माती, मनुबाई! पुरायचं!"

"आवं आक्का," ती अगदी हळू म्हणाली, "आमच्यात जाळाय नेलं तरी मातीलाच गेलो म्हन्त्यात."

भावजी, मी तिथे उंबऱ्यावरच बसले. माझ्या वॉर्डातल्या आया, वॉर्डबॉय दर महिन्याला दारात उभे राहायचे, सिस्टर, मामाच्या मातीला जायचंय, सिस्टर, चुलतीची माती हाय. मी सही करायची. त्या मामाला पुरलं की जाळलं, असं मी एकालाही विचारलं नाही. आमच्या घरात या शब्दाचा एकच अर्थ होता आणि तुमच्या घरात दुसराच, आणि तुमचे दादा दोन्ही घरांत राहिलेले. ते असते तर फोन हिसकावून घेऊन म्हणाले असते, अरे थांबा, तुम्ही दोघं वेगवेगळं बोलताय. पण नेमके तेच नव्हते.

मग तुम्ही आलात. तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहिते, कारण आता माझा माझ्या कानांवर भरवसा राहिलेला नाही. चुकलं असेल तर कळवा.

मी विचारलं, माझ्या आईला पुरलेलं तुम्ही पाहिलं होतंत, मग तुम्हाला शंका कशी आली नाही? तुम्ही म्हणालात, "तुमची रीत ठाव हाय, म्हनून तर आदी इचारलं. मला वाटलं तुमी न्हाई म्हनाल, सांगलीला आना म्हनाल. गाडी सांगून ठिवली हुती. तुमी म्हनला, करा. तवा मी मळ्यात जाऊन एकटाच रडलो. म्हनलं, वयनीनं आमचा मानूस आमाला परत दिला."

भावजी, तुम्ही वर्षभर माझे उपकार मानत होता आणि मी वर्षभर तुम्हाला पत्रातून शिव्या घालत होते. मी म्हणाले, मग पत्रं वाचून तुम्हाला काहीच कळलं नाही? तुम्ही म्हणालात, "वाटलं, थांबलो न्हाई म्हनून रागावलायसा. दुक्कात मानूस बोलतंय, आपुन कशाला उत्तर द्यायचं."

आणि शेवटचं बोलणं. तुम्ही किती आढेवेढे घेतलेत! शेवटी सांगितलंत की ते बांधावर बसले होते, छातीला हात लावला आणि म्हणाले, "आकाराम, मोटर बंद कर, पानी बांधावरनं चाललंय." तुम्ही मोटर बंद करून परत आलात तोवर ते गेले होते. "एवढंसं काय सांगायचं," तुम्ही म्हणालात, "तुमचं नाव न्हाई घेतलं, तुमास्नी वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई."

मी हसले त्याचा राग आला नाही ना? मी वर्षभर रात्री जागून ठरवत होते की त्या तोंडून भैरोबा निघाला की प्रभू निघाला. निघाली मोटर. सांगलीत आम्ही चर्चला निघालो की ते अर्ध्या वाटेतून परत जायचे, पंखा चालू राहिला का बघायला. उपासना सुरू झालेली असायची आणि आम्ही शेवटच्या बाकावर. त्यांच्या बाप्तिस्म्याचं मला अजून कळलेलं नाही, पण हा माणूस शेवटपर्यंत माझाच होता, हे कळलं.

गुलालाचं तुम्ही म्हणालात, "लावला न्हाई वयनी, उधळत्यात तवा पडतोच." असेल. तेवढा संशय मी माझ्याकडे ठेवून घेते. सगळेच सोडले तर मला करमायचं नाही.

विहिरीजवळच्या चिंचेच्या बेचक्यात तुम्ही फडक्यात बांधलेलं गाडगं दाखवलंत. तुम्ही राख सावडलीत, पण नदीला सोडली नाहीत, कारण 'त्ये बी बाकीतच आलं'. वर्षभर येता-जाता तुम्ही त्याला हात जोडत होता, हे मनुबाईने सांगितलं. मला ते गाडगं हातात घेता आलं नाही. तुम्ही पुढे केलंत आणि मी मागे सरले. त्याबद्दल तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आहे. ईस्टर झाला की मी पाळकसाहेबांशी आणि कबरस्तानच्या कमिटीशी बोलते. तोवर ते गाडगं तिथेच राहू द्या, पण उन्हात येत असेल तर जरा सावलीच्या बाजूला सरकवा.

सुमती

सांगली, १२ मे २०२५

आकारामभावजी आणि मनुबाई,

सलाम.

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे फोनवर कळलं. मी फोनवर फार बोलले नाही, कारण जे सांगायचंय ते फोनवर सांगता आलं नसतं.

कमिटीतल्या एकाने आधी कुरकुर केली होती, राखेला एका माणसाची पूर्ण जागा कशाला म्हणून. मी म्हणाले, अर्धी मी घेईन, आम्ही दोघं आयुष्यभर एकाच खाटेवर झोपलो आहोत. मग त्यानेच पावती फाडली. सुताराने पेटी छान केली. तुम्ही गाडगं फलटणपासून मांडीवर घेऊन आलात, कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाहीत, हे मनुबाईने सांगितलं. तुम्ही टोपी काढून उभे होता. महिला मंडळातल्या त्या बाईनेही माती टाकली. मी तिला अजून माफ केलेलं नाही, पण टाकली तिने.

माती लोटून झाली, सगळे निघाले, तेव्हा तुम्ही मला फाटकापाशी बाजूला घेतलंत. आजूबाजूला बघितलंत आणि विचारलंत, "वयनी, सांगा खरं. आमच्यामुळं राख झालीया त्याची. तुमचा देव वळखंल न्हवं त्याला?"

मी लगेच 'हो' म्हणाले. तुम्ही डोळे पुसलेत, टोपी घातलीत आणि स्टँडकडे निघालात. पाठमोरे जाताना तुमचे खांदे मोकळे झालेले मला दिसले.

भावजी, तुम्हाला खोटं सांगून फसवल्यासारखं होऊ नये म्हणून लिहिते. हाच प्रश्न मी वर्षभर विचारतेय आणि मला उत्तर मिळालेलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही मिळालेलं नव्हतं. तुमच्या तोंडाकडे बघून माझ्याकडून 'हो' गेलं. मला आधी लाज वाटली. मग स्टँडवर तुम्ही गाडीत बसला असाल, खिडकीतून बघत असाल, मनुबाईला सांगत असाल की वयनी हो म्हनली, असं डोळ्यापुढे आलं. तुम्ही मागेही माझ्या शब्दावर असाच भरवसा टाकला होता आणि त्यापायी वर्षभर भावकीचं ऐकून घेतलंत.

काल रविवारी मी उठून पुढे गेले. भाकर घेतली, प्याला घेतला. विश्वास आला होता म्हणून नाही. परत येऊन बाकावर बसले, डोळे मिटले आणि खूप दिवसांनी उलटतपासणी न करता बोलले. म्हणाले, देवा, मी आकारामभावजींना हो म्हणून बसलेय, मला तोंडघशी पाडू नकोस.

तुमची,
सुमती